कोरड्या ओठांचं आमेन

मित्रांनो, मला तोंड एकच, पण त्याला ओठ लागले शेकडो जणांचे. बनारसच्या कँटोन्मेंटमधल्या एका चर्चचा मी जुना प्याला. ठठेरी बाजारातल्या कारागिराने मला पितळेतून ठोकून काढलं आणि वर चांदीचा मुलामा चढवला. माझ्यासोबतचे लोटे गंगाजल भरायला घाटावर गेले, माझ्या नशिबी द्राक्षारस आला.

आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करताना, सगळी मंडळी एकाच प्याल्यातून द्राक्षारस पिते. शेवटी उरलेला घोट चर्चच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकसाहेबांनी संपवायचा, थेंबही टाकायचा नाही, अशी रीत. त्यांच्या पत्नी शरदिनीबाई मला खडूच्या भुकटीने लख्ख करत. मी वर्षानुवर्षं मोठ्या ऐटीत मिरवलो.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. इकडे बनारसमध्येही लोकांची पाचावर धारण बसली. औषधांच्या दुकानांतल्या गोळ्या संपल्या. नाकाला रुमाल बांधल्याशिवाय कोणी स्टेशनवर जाईना. आमचे पाळकसाहेब दिनानाथ वाघमारे मूळचे नगरचे. त्या रविवारी 'भिऊ नका' या वचनावर ते इतकं झकास बोलले की मलाही धीर आला.

मग प्रभुभोजनाला मंडळी रांगेत गुडघे टेकून बसली. सर्वांत शेवटी होते गोपीनाथ. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले, तेही नगरचेच. साऱ्या मंडळीत पाळकसाहेब मराठी बोलत ते फक्त त्यांच्याशी. बहिणीला भेटून गोपीनाथ आदल्या दिवशीच सुरतेहून परतले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगात कणकणही होती. आणि त्यांच्यानंतरचा घोट पाळकसाहेबांचा होता.

पाळकसाहेबांनी मला गोपीनाथांच्या तोंडापाशी नेलं, जरा कलंडवल्यासारखं केलं आणि ओठ टेकायच्या आत मागे ओढलं. गोपीनाथांनी एकदा वर पाहिलं. मग ते "आमेन" म्हणाले आणि चार लोकांत साहेबांची लाज राहावी म्हणून कोरडेच ओठ त्यांनी रुमालाने पुसले.

त्यानंतर गोपीनाथ चर्चला आले नाहीत. पाळकसाहेबांना अन्न गोड लागेना. मला उचलताना ते माझ्याकडे बघतही नसत. पुढे गोपीनाथांचा ताप साधा मलेरियाचा निघाल्याचं कळलं. तेव्हा कुठे पाळकसाहेब मला फडक्यात गुंडाळून दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या गोपीनाथांच्या खोलीवर गेले. प्रार्थना झाली. गोपीनाथ प्यायले आणि उरलेला घोट पाळकसाहेबांनी घाईघाईने घशाखाली घातला.

"आता बुखार उतरलाय, साहेब," गोपीनाथ शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी डर वाटतो म्हणाला असतात, तर मीच हात जोडून नको म्हटलं असतं."

पाळकसाहेबांची मान खाली गेली.

"डर वाटला, गोपीनाथ," ते म्हणाले. "आणि आज आलो, तेसुद्धा मलेरिया आहे हे कळल्यावर."

आता माझा मुलामा उडालाय. प्रत्येकाला वेगळे असे छोटे छोटे पेले आले आणि मी कपाटात गेलो. मला घासा किंवा घासू नका, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, एवढं सांभाळा. भीती कुणालाही वाटते, वाटली तर तोंडाने सांगा. ती झाकायला कुणाच्या ओठांशी प्याला नेऊन मागे घेऊ नका. तो माणूस निमूटपणे आमेन म्हणेल, आणि ते तुम्हाला जन्मभर ऐकू येत राहील.