शुभेच्छुकांच्या रांगेत रिजवान

शिरूरहून यवतला माहेरी यायचं म्हणजे न्हावऱ्याच्या खड्ड्यांत अंग घुसळून घ्यायचं, चौफुल्याला गाडी बदलायची, आणि कडेवर आयेशा असेल तर दोन्ही वेळा तिची एक चप्पल हुडकायची. बुशरा यवतच्या स्टँडवर उतरली तेव्हा दोन्ही चपला जागेवर होत्या, म्हणून ती जरा खुशीत होती. तेवढ्यात आयेशानं बोट वर केलं.

"पप्पा!"

"पप्पा कंपनीत गेलेत, बेटा."

"पप्पा तितं!"

स्टँडसमोर आण्णांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. आण्णा म्हणजे गावातले पुढारी. फ्लेक्सवर मधोमध ते फोनवर बोलताना, अंगावर फुलांचा पाऊस. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ फोटो, चार रांगा. तिसऱ्या रांगेत बुशराचा नवरा होता. तोच निळ्या पट्ट्यांचा शर्ट. कॉलर तिनंच इस्त्री केलेली. खाली नाव लिहिलं होतं, म्हाळू.

बुशरा तशी धीराची नव्हती. गॅस बंद केला का हे बघायला ती जिन्यावरून परत जायची, आणि पुन्हा एकदा जायची. नवरा चिडवायचा, "बीकॉमला तुला घाबरायचा पेपर होता का गं?" पण आज तिला घाबरायला खरंच काहीतरी मिळालं होतं. रिजवान यवतला वर्षाकाठी ईदला येणारा माणूस. आण्णांना तो ओळखत नव्हता, आण्णा त्याला ओळखत नव्हते. मग त्याचा फोटो इथं आला कुठून?

तिनं तिथूनच फोन लावला. रिजवान जेवणाच्या सुट्टीत होता. ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"म्हाळू? अगं, मग आता तू म्हाळूची बायको झालीस की!"

"हसू नका हो. हा फोटो तुम्ही कुणाला दिला होता?"

"कंपनीत. भरती झालो तवा. दुसरं कुणाला देणार?"

बुशराचे वडील इनुस यांचं स्टँडजवळच सायकल दुरुस्तीचं दुकान. मुलीचा चेहरा बघून त्यांनी आधी नातीला उचललं, मग मुलीला स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेऊन हाक मारली ती समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेल्या सर्जेरावला. फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष तोच.

"सर्जेराव, आमच्या जावयाचं बारसं तुम्ही कवा केलं?"

सर्जेरावला कळेना. कळल्यावर त्यानं कानाची पाळी धरली. "आयला, ते दाजी हायेत व्हय? ताई, आईशप्पथ, ठावं असतं तर दाजींचा फोटो आण्णांच्या शेजारी लावला असता! आण्णांना शंभर शुभेच्छुक पायजे व्हते. आमच्याकडं भरले चाळीस. मग पोरांनी कॉम्प्युटरमधले घेतले, नावं मनानंच टाकली. म्हटलं, कुठल्या परगावच्या माणसांचे हायेत, कोण बघतंय."

"कुठला कॉम्प्युटर?" बुशरानं विचारलं.

ते असं झालं होतं. सर्जेरावचा टेम्पो रांजणगावच्या एमआयडीसीत, रिजवानच्याच कंपनीत माल वाहायला लावलेला. गणपतीत तो तिथं मंडळाची वर्गणी मागायला गेला. ऑफिसात तेव्हाच नवे कॉम्प्युटर आले होते. साहेब म्हणाले, पैसे काही मिळायचे नाहीत, हा जुना डबा घेऊन जा, पोरं शिकतील. पोरं शिकली. पत्त्यांचा खेळ शिकली, गाणी भरायला शिकली आणि फ्लेक्स बनवायला शिकली. डब्यात आधीचं काय आहे ते ना देणाऱ्यानं बघितलं, ना घेणाऱ्यानं.

मंडळाच्या खोलीत, ढोल-ताशांच्या शेजारी तो कॉम्प्युटर होता. सर्जेरावनं चालू केला. बुशरानं माऊस हातात घेतला आणि एकेक कप्पा उघडत गेली. फोटो तर होतेच. पण त्याबरोबर प्रत्येक कामगाराचं पॅन कार्ड, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, आणि पांढऱ्या कागदावर तीन-तीन सह्या. रिजवानच्या सहीतला तो ऐटबाज शेपटीचा 'र' तिनं लांबूनच ओळखला.

"हे अजून कुणाकडं गेलंय, सर्जेरावदादा?"

"चौफुल्याच्या फ्लेक्सवाल्याकडं पेनड्राइव्हवर फकस्त फोटो गेले. बाकी..." तो डोकं खाजवायला लागला. "पोरं पेनड्राइव्ह लावत्यात काढत्यात. आता गाण्याबरुबर काय गेलं, काय न्हाई, म्या काय सांगू? थांबा, सगळं उडवून टाकतो. बटन दाबलं की संपलं."

"हात लावू नका!" बुशरा एवढ्या जोरात ओरडली की आयेशा रडायला लागली. तिला थोपटत ती हळू आवाजात म्हणाली, "उडवलं की कंपनी म्हणेल असं काही नव्हतंच. मग आम्ही काय दाखवायचं? बंद करा, तार काढा, आणि खोलीला कुलूप लावा."

रिजवानला तिनं पुन्हा फोन केला. या वेळी तो हसला नाही.

"बुशरा, गप्प बस. पुढच्या महिन्यात परमनंटची ऑर्डर निघायची हाय. चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली. आता तक्रार केली तर माझं नाव पहिलं खोडतील. काय झालं तरी काय? फोटोच लागलाय ना?"

"तुमच्या नावावर कुणी सिम घेतलं आणि त्याच्यावरून कुणाला धमकी दिली तर? पोलीस कुणाच्या दारात येतील?"

मग तो म्हणाला, "संध्याकाळी येतो."

दिवस मावळायच्या आत त्याची मोटारसायकल दुकानापुढं थांबली. तो आला होता बायकोची समजूत घालायला. येताना तिच्या आवडीची खारी पण आणली होती. फ्लेक्ससमोर उभा राहून त्यानं म्हाळूला सलाम ठोकला. सर्जेरावनं "दाजी, माफी करा" म्हणत पाय धरायचं नाटक केलं. वातावरण अगदी हसतखेळत होतं. मंडळाच्या खोलीत जाऊन एकदाच बघू, मग बंदच ठेवू, असं ठरलं.

"आन् दाजी, एक सांगतो," सर्जेराव मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आमची पोरं लई सरळ. बाया-पोरांचे फोटो बी हायेत यात, पर एक बी घेतला न्हाई."

"बायापोरांचे?"

सर्जेरावनं उघडून दाखवलं. ईएसआयच्या दवाखान्याच्या कार्डासाठी प्रत्येकानं कुटुंबाचा फोटो दिला होता. स्क्रीनभर रिजवान, शेजारी बुशरा, डोक्यावरून नीट घेतलेली ओढणी, मांडीवर चाळीस दिवसांची आयेशा. गालावर काजळाचा ठिपका.

रिजवाननं स्क्रीनवर आडवा हात धरला. गणपतीपासून हा फोटो इथं होता. ढोलांच्या शेजारी, कुणीही यावं आणि उघडावं असा.

"बंद कर," तो म्हणाला. मग बायकोकडं वळून, "बोल, कुणाकडं जायचं?"

बुशराच्या कॉलेजातली, तिच्यापुढं दोन वर्षं असलेली अक्षदा आता दौंडच्या कोर्टात वकिली करत होती. दुसऱ्या दिवशी रिजवाननं रजा टाकली आणि सर्जेरावलाही बरोबर घेतलं. दौंडला झेरॉक्सच्या दुकानामागं अक्षदाचं ऑफिस, दोन खुर्च्या आणि एक बाकडं. तिनं आधी आयेशाला बिस्कीट दिलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"कॉम्प्युटरमधलं काही उडवू दिलं नाहीस ना? शाब्बास. आता तो यवतच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्जासकट द्यायचा. सर्जेरावनं सांगायचं, कुठून मिळाला ते."

"माझा टेम्पो बंद केला मंग?" बाकड्यावरून सर्जेराव म्हणाला.

"तर दाजी पोसतील तुला," रिजवान म्हणाला. हसणं बाहेरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेलं.

"दुसरं, बँक. खातं कुणी वापरलं का बघा आणि सहीचा नमुना बदला. मोबाईल कंपन्यांना लिहून विचारा, आमच्या नावावर दुसरं सिम दिलंय का. इथून पुढं कुठंही झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला. कोरी सही करून द्यायची नाही."

"आणि कंपनी?" बुशरानं विचारलं.

"कंपनीला आधी साधं पत्र. काय काय बाहेर गेलं, अजून किती कॉम्प्युटर असे वाटले, आणि तुम्ही काय करणार. या दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर आयटी कायद्यात नवं कलम लागू झालंय, माहिती नीट न सांभाळल्यामुळं कुणाचं नुकसान झालं तर कंपनीकडून भरपाई मागता येते. मुंबईला आयटी खात्याच्या सचिवांपुढं अर्ज करायचा. पण खोटी आशा लावत नाही. नुकसान दाखवावं लागतं, आणि अजून तुमचं काही झालेलं नाही. होऊ नये म्हणूनच हे सगळं." ती रिजवानकडं वळली. "ऑर्डर अडवणार नाहीत असं मी सांगू शकत नाही, भाईजान. पत्र सगळ्या कामगारांनी मिळून दिलं तर जड जाईल त्यांना. एकट्यानं दिलंत तर तुम्ही एकटे पडाल."

परत येताना यवतच्या ठाण्यात कॉम्प्युटर आणि अर्ज दिला. शिरूरला पोचल्यावर बँकेत रिजवानच्या सहीची पंचाईत झाली. शाळेपासून एकच सही, हात आपोआप शेपटीकडं जायचा. कारकून म्हणाला, "अहो, ही जुनीच झाली." शेवटी बुशरानं सांगितलं, "पूर्ण नाव लिहा. सावकाश." त्यानं जीभ दाताखाली धरून मराठीत अख्खं नाव लिहिलं, पहिलीतल्या पोरासारखं.

सोमवारी बुशरा आयेशाला घेऊन कंपनीच्या गेटसमोरच्या चहावाल्याकडं थांबली. नको म्हटलं तरी ती आलीच होती. पत्रावर रिजवानसकट त्याच्या लाईनवरच्या बाराजणांच्या सह्या होत्या. हौसराव नावाचा म्हातारा फिटर आधी नाही म्हणाला, मग नातवाचा फोटो आठवून स्वतःहून पेन मागत आला. बाकीचे ऑर्डर निघेपर्यंत थांबू म्हणाले. पहिली सही रिजवानची, अख्ख्या नावाची.

चहा निवून गेला. आयेशानं बाकड्याखालची सगळी मांजरं मोजली, म्हणजे एकच मांजर पुन्हापुन्हा मोजलं. बुशराच्या डोक्यात गेट उघडून नवरा खाली मान घालून येतोय, हे चित्र किती वेळा येऊन गेलं असेल.

तो आला तेव्हा मान सरळ होती.

"काय म्हणाले?" ती उठून उभी राहिली.

"साहेब आधी ओरडले. म्हणाले, घरातली भांडणं वकिलाकडं नेतात का? म्या म्हटलं, साहेब, घरातला फोटो बाहेर कुणी नेला? मग पत्र वाचलं. मला विचारलं, त्या डब्यात फक्त कामगारांचंच होतं का." रिजवाननं आयेशाला खांद्यावर घेतलं. "म्या म्हटलं, ऑफिसचा बी एक कप्पा व्हता. मॅडम आन् तुमची दोन्ही पोरं, महाबळेश्वरला घोड्यावर."

"खरंच होता?"

"व्हता की. सर्जेराव कप्पे उघडत व्हता तवा म्या बघितला. साहेबांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग शिक्का मारला." त्यानं खिशातून पोच घेतल्याची प्रत काढून तिच्या हातात दिली.

"आणि ऑर्डर?"

"ते काय बोलले न्हाईत. म्याबी विचारलं न्हाई." तो हसू दाबत म्हणाला, "पर दारापर्यंत सोडायला आले. हळूच विचारत होते, तुझ्या मिसेसना विचार, वकीलबाईंच्या कागदावर तेरावी सही चालंल का म्हणून."