पहिला घास

सरांनी वर्गात सांगितलं होतं, "एखादा लहानसा अलिखित नियम मोडा आणि माणसं काय करतात ते बघा. अट एकच, कुणाला इजा होता कामा नये." समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं ते प्रात्यक्षिक. कुणी औषधाच्या दुकानात घासाघीस केली, कुणी रिकाम्या बसमध्ये अनोळखी माणसाला खेटून बसला. घरात जिला सगळे धाकटी म्हणत, तिला हे पोरखेळ वाटले. खरा समाज घरात असतो, असं तिनं नुकतंच वाचलं होतं, आणि नुकतं वाचलेलं माणसाला फारच खरं वाटतं.

तिच्या घरी दादानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नसे. वडील गेले तेव्हा त्यांची खुर्ची आणि त्यांचा मान दोन्ही दादाकडे आली. तो ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात होता. चाकांचे नट आवळून आवळून मनगटं नुसती लोखंडाची झाली होती.

त्या संध्याकाळी तो हात धुऊन जेवायला बसला.

"काय म्हणतेय तुझी समाजसेवा?"

"समाजशास्त्र, दादा."

"तेच ते. लोकांच्या घरात नाक खुपसायचं, झालं."

वाढता वाढता वहिनी गालात हसली. आईही हसली. तेवढ्यात धाकटीनं घास मोडून तोंडात टाकला.

दादा ओरडेल, फार तर एक थोबाडीत बसेल, अशी तिची तयारी होती. पण दादानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो वहिनीकडे वळला.

"हे तू शिकवलंस हिला?"

"मी कशाला..."

आधी ताट भिंतीवर आदळलं. मग वहिनीचं डोकं.

घरात हे होतं, हे धाकटीला ठाऊक नव्हतं असं नाही. बंद दाराआडून आवाज यायचे, सकाळी वहिनी "कपाट लागलं" म्हणायची आणि सगळे मिळून कपाटाला दोष द्यायचे. पण डोळ्यांदेखत पाहणं वेगळं.

"दादा, मी केलं! कॉलेजचा प्रयोग होता तो!"

"माझ्या घरात प्रयोग?" असं म्हणून त्यानं लाथ घातली ती वहिनीच्याच पोटात. नियम मोडणारी बाजूला कोरडी उभी होती. तिनं त्याच्या दंडाला लोंबकळून पाहिलं. त्यानं तिला माशीसारखं झटकलं. टेबलाच्या कडेवर ओठ फुटला, दात हलला. ती धडपडत दाराशी गेली, दार उघडून ओरडली, "काका! अहो काका!"

शेजारचे काका बाहेर आले. त्यांनी तिच्या हनुवटीवरचं रक्त पाहिलं.

"घरातलं घरात मिटवावं, बाळा," ते म्हणाले आणि आत गेले. कडी लागल्याचा आवाज झाला.

"दार लाव गं आधी," मागून आई म्हणाली.

दादा वहिनीच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती होते. वहिनीच्या टाचा फरशीवर घासत होत्या, मग घासायच्या थांबल्या.

धाकटीनं ओट्यावरचा लोखंडी तवा उचलून त्याच्या मनगटावर हाणला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दादा किंचाळून बाजूला कोसळला. पुन्हा मारायची गरज नव्हती. तिनं पुन्हा मारला, खांद्यावर, आणि तिसऱ्यांदाही उगारला.

"अगं, मोठा भाऊ आहे तुझा!" आईनं टाहो फोडला.

वहिनीला ठसका लागला. श्वास आला. तिनं भिंतीला धरून उठत धाकटीच्या हातातला तवा काढून घेतला, जमिनीवर टाकला आणि उघड्या दारातून बाहेर पडली.

जिन्यात धाकटीनं तिला गाठलं. वहिनीच्या गळ्यावर बोटांचे ठसे उठले होते.

"मला आधी विचारायचंस," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"विचारलं असतं तर?"

"नको म्हटलं असतं. आणि जन्मभर तिथंच राहिले असते." ती दोन पायऱ्या उतरली. "पण म्हणून तुझं बरोबर ठरत नाही."

"नाही ठरत," धाकटी म्हणाली.

"पोलीस चौकी कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे." धाकटीनं आधाराला हात पुढे केला. वहिनीनं तो धरला नाही. तिनं कठडा धरला आणि एकेक पायरी उतरू लागली. धाकटी तिच्या मागून गेली.