अकरा दिवसांचा खाडा

मित्रांनो, मी हातांनी चालवायची तीनचाकी सायकल आहे. आता जुनी झाले आहे. माझ्या सीटचं रेक्झिन फाटलं आहे, मागच्या उजव्या चाकाच्या चार तारा गेल्या आहेत आणि साखळी ओढली की कुरकुरते. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकते. तिच्यात आनंद होता, पण तो फार दिवस टिकला नाही.

सात वर्षांपूर्वी उदगीरला दिव्यांगांचं शिबिर भरलं होतं. तिथे माझ्यासारख्या वीस-पंचवीस नव्या कोऱ्या निळ्या सायकली ओळीने उभ्या होत्या. माझ्या वाट्याला रत्नम्मा आली. चाळिशीची बाई. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. हातात रबरी चपला घालून ती जमिनीवरून सरकत चालायची. दोघांनी उचलून तिला माझ्यावर बसवलं, तेव्हा ती बराच वेळ नुसती इकडेतिकडे बघत राहिली. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "माणसांची तोंडं दिसायलीत गं! मला आतापातूर निस्ते गुडघेच दिसायचे."

रत्नम्मा भावाच्या अंगणातल्या एका खोलीत राहायची. दिवसभर कापसाच्या वाती वळायची. मी आल्यावर ती देवळात जाऊ लागली, बाजारात जाऊ लागली. मला फडक्याने पुसायची, साखळीला तेल घालायची. सगळे म्हणायचे, "रत्नम्माची गाडी लई झ्याक हाय." मलाही तेव्हा वाटायचं, यालाच सुख म्हणतात.

पण खरं सुख पुढे आलं, आणि ते एका आजारी माणसाच्या घरातून आलं.

गावापासून तीन किलोमीटरवर एक वस्ती आहे. तिथे चंद्रप्पा आणि त्यांची बायको कमलम्मा, दोघंच राहायचे. चंद्रप्पांना टीबी झाला. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. त्यांनी पहिल्या महिन्याच्या गोळ्या नालीत टाकून दिल्या. गावची आशाताई बबिता रत्नम्माकडे आली आणि म्हणाली, "अक्का, त्यांच्या डोळ्यांसमोर बसून कुणीतरी रोज गोळी द्यायला पायजे. तुमच्याकडं गाडी हाय. जाता का?"

रत्नम्मा हसली. "मला कुणी काम सांगितलंय, हेच पयल्यांदा घडायलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. अर्धा रस्ता डांबरी, अर्धा मुरमाचा. चढावर तिचे दंड भरून आले. वस्तीवर पोचलो तर चंद्रप्पा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"कशाला यायलीस?" ते म्हणाले. "मला न्हाई जगायचं. जा."

"जाते की," रत्नम्मा म्हणाली. "गोळी घ्या, मग जाते. तीन किलोमीटर हातानं आलेय, उगं परत न्हाई जायची."

ते उठले नाहीत. ती दारात माझ्यावर बसून राहिली. ऊन वर आलं, कमलम्माने दोनदा पाणी आणून दिलं. शेवटी दुपारी चंद्रप्पा उठून बसले आणि त्यांनी गोळी गिळली. उद्या पुन्हा येते, एवढं सांगून रत्नम्माने माझं तोंड वळवलं. परतीच्या वाटेवर ती गाणं गुणगुणत होती. मी तिला आधी कधी गाताना ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, असे पाच महिने गेले. थंडीत गेलो, उन्हात गेलो. एकही दिवस चुकला नाही. चंद्रप्पांचा खोकला कमी झाला. ते बाजेवरून उठून दारात खुर्चीवर बसू लागले. मग पिकाच्या गोष्टी सांगू लागले. "अक्का, पोरगी असती तर एवढी आली नसती," असं एकदा म्हणाले. त्या दिवशी रत्नम्मा घरी येऊन भावजयीला म्हणाली, "सकाळी उठायला कारण असलं, की आंग दुखत न्हाई बघ."

मीही तेव्हा सुखी होते. मी लोखंडाची आहे, पण मी गेले नाही तर तिकडे एक माणूस गोळीशिवाय राहील, हे मला कळत होतं.

जूनमध्ये पाऊस लागला. वस्तीवरून परत येताना चिखलात माझं पुढचं चाक रुतलं, आणि रत्नम्माने जोर लावताच ते चाक धरून ठेवणारा लोखंडी चिमटा मोडला. चाक आडवं झालं. एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हा दोघींना घरी आणून टाकलं. सायकल दुरुस्त करणारा विनोद आला, बघून म्हणाला, "अक्का, हिचा चिमटा इथं मिळत न्हाई. मागवावा लागतंय. आठ-दहा दिवस तरी धरा."

बबिता त्या वेळी बाळंतपणाला माहेरी गेली होती. रत्नम्माने शेजारच्या हनुमंतला हाक मारली. त्याच्याकडे मोटरसायकल आहे, रोज वस्तीच्या बाजूनेच शेताला जातो.

"हनुमंता, एवढं पाकीट घे. दहा दिवसांच्या गोळ्या हायत. रोज एक, तुझ्यासमोर घ्यायला लाव."

"हाव अक्का, जातो की. त्यात काय!" त्याने पाकीट गाडीच्या डिकीत टाकलं.

रत्नम्मा रोज संध्याकाळी विचारायची, आणि तो गाडीवरूनच हात हलवून म्हणायचा, "झालं, झालं." आठव्या दिवशी तिने त्याला थांबवून विचारलं, चंद्रप्पा काय म्हणाले? तेव्हा त्याने मान खाली घातली. डिकीतून पाकीट काढलं. ते उघडलेलंही नव्हतं.

"राहूनच गेलं बघ, अक्का. रोज उद्या जावं म्हनलं."

रत्नम्माने पाकीट त्याच्या हातातून घेतलं. तिने हातात चपला घातल्या आणि चिखलातून सरकत निघाली. देवळापर्यंत गेली असेल नसेल, तळहात सोलून निघाले. लोकांनी उचलून परत आणलं. त्या दिवशीही तिच्याऐवजी वस्तीवर कुणी गेलं नाही, नंतरच्या तीन दिवसांतही नाही. सगळे तिला समजावत बसले. एवढ्या गावात चालते पाय किती होते!

अकराव्या दिवशी चिमटा आला, विनोदने तो बसवला. बाराव्या दिवशी सकाळीच आम्ही वस्तीवर पोचलो. खुर्ची रिकामी होती. चंद्रप्पांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या, आदल्या दिवशीच त्यांना लातूरला नेलं होतं. तीन आठवड्यांनी ते गेले.

भेटायला गेलो तेव्हा रत्नम्मा कमलम्मासमोर नुसती रडत होती. कमलम्मा म्हणाली, "तुला दोष न्हाई, बाई. तू यायचीस तवा ते पहाटंच आंघोळ करून बसायचे. तू आली न्हाईस, पयले चार दिवस तसंच बसले. पाचव्या दिवशी आंघोळ न्हाई केली."

गोळ्यांनी ते वाचले असते की नसते, हे डॉक्टरच जाणोत. पण त्या चार सकाळी आम्ही तिथे नव्हतो. हे माझ्या अंगात गंजासारखं शिरलं आहे.

पुढचे दोन महिने रत्नम्मा माझ्यावर बसली नाही. तिने वातीही वळल्या नाहीत. मी भिंतीला टेकून भिजत राहिले. पूर्वी मला काही कामच नव्हतं, तेव्हा एवढं दुःख नव्हतं. काम मिळालं, त्यातलं सुख कळलं आणि मग ते हातातून निसटलं, याचं दुःख फार मोठं असतं.

एक दिवस बबिता बाळाला घेऊन आली. गावात रुद्राणी नावाच्या मुलीला टीबी निघाला होता, तिला रोज गोळी द्यायला जाल का, असं तिने विचारलं.

"न्हाई," रत्नम्मा म्हणाली. "मी खाडा केला की माणूस मरतंय." बबिता उठून दारापर्यंत गेली, तेव्हा रत्नम्माने हाक मारली. "थांब. मला जाता आलं न्हाई तर कोण जाईल? आधी त्याचं नाव लिही."

"माझं लिहिते."

"एक न्हाई पुरत. दोन पायजेत."

कुंपणापलीकडे हनुमंत उभा होता. हळूच म्हणाला, "माझं लिहा."

रत्नम्माने त्याच्याकडे बघितलं नाही. मग ती बबिताला म्हणाली, "लिही."

आता आम्ही रोज रुद्राणीकडे जातो. रत्नम्मा गात नाही. हनुमंत वेळ आली तर जाईल की नाही, मला सांगता येत नाही. माझी चाकंही फार दिवस साथ देतील असं वाटत नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कुणाची सायकल मोडलेली दिसली, तर तिला हळहळत बघत उभे राहू नका. ती कुठे निघाली होती ते विचारा, आणि त्या दिवशी तेवढं तुम्ही जाऊन या.