विकरमुक्त

दादाच्या घराचे जिने गुडघ्यांना झेपेनात, म्हणून आई आमच्याकडे राहायला आली आणि आल्या आल्या तिच्या मानेवर, हातांवर पुरळ उठलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सारून विचारलं, "कपड्यांची पावडर एन्झाइमवाली का बिनएन्झाइमची?" मी पडले बेकरीत काम करणारी बाई. यीस्टचं विचारा, मैद्याचं विचारा, पावडरीतलं मला काय कळणार? "त्यानंच होतंय असं नाही," त्या म्हणाल्या, "पण बदलून बघा." म्हणजे हो की नाही, ते माझ्या गळ्यात घालून त्या मोकळ्या झाल्या.

दुकानात दोन खोकी समोर आली. एकाच कंपनीची, एकाच निळ्या रंगाची.

"एन्झाइम डाग खातं, ताई," दुकानदार म्हणाला. "अंडं, दूध, रक्त, काही ठेवत नाही."

"आणि कातडी?"

"कातडी कशाला खाईल?"

"मग डॉक्टर नको का म्हणतात?"

"ते डॉक्टरांना विचारा. मी पावडर विकतो."

माझी पंचाईत अशी, की माझ्या एप्रनवर रोज अंड्याचा बलक वाळून बसलेला असतो आणि बेकरीतले आमचे उस्ताद डागाळलेला एप्रन दिसला की दारातूनच परत पाठवतात. एन्झाइम सोडावं तर नोकरीवर गदा, धरावं तर आईची मान. शेवटी दोन्ही खोकी उचलली. घरी नवऱ्याला विचारलं, तर मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "मिसळून टाक ना दोन्ही." असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

मी आईच्या, बिनएन्झाइमच्या खोक्यावर पेनानं फुली मारली आणि तिला कमी ऐकू येतं म्हणून चांगलं ठणकावून सांगितलं, "आजपासून तुझे कपडे वेगळे. ही बादली तुझी, ही पावडर तुझी. आमच्या कपड्यांत मिसळू नकोस." ती बरं म्हणाली. मग ते खोकं हातात घेऊन बराच वेळ वाचत बसली.

पुरळ कमी होईना. उलट हात लालबुंद झाले. मी पावडर कमी घालून पाहिली, कपडे जास्तीच्या पाण्यातून काढून पाहिले, एकदा तर फुलीच चुकीच्या खोक्यावर मारली की काय अशी शंका येऊन दोन्ही खोक्यांचा वास घेतला. वासही सारखाच. त्यात आईचं वागणं बिघडलं. आमच्याबरोबर जेवायला बसेना. स्वतःचा पेला वेगळा ठेवी. नातीची वेणी तीच घालायची, तेही बंद केलं. पुढे पुढे तर तिच्या बादलीत कपडेच नसत, कारण न्हाणीघरात भांड्यांच्या साबणानं ती स्वतःच धूत होती. मी चिडले, बोलले, काही उपयोग झाला नाही.

मग एका रविवारी तिनं बॅग भरली. "दादाकडे जाते."

दादाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढली की ती पुन्हा खाली यायची नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"माझं काय चुकलं ते तरी सांग," मी म्हटलं.

तिनं खोकं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. "तू लपवलंस, पण मला वाचता येतं. हे बघ, विकारमुक्त. म्हणजे रोग्यांची पावडर. डॉक्टरीणबाईंनी तुला बाजूला घेऊन सांगितलं असेल, हे पसरणारं आहे म्हणून. पोरीला लागलं तर मी कुठे तोंड दाखवू?"

मी वाचलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं: विकरमुक्त. इतके दिवस मी फुलीवरच चालले होते.

"आई, काना नाहीये. विकर आहे ते."

"विकर म्हणजे?"

मला तरी कुठे माहीत होतं? लेकीनं शास्त्राचं पुस्तक काढून पाहिलं. विकर म्हणजे एन्झाइम.

"आणि एन्झाइम म्हणजे?"

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहू लागलो. "डाग खातं ते," मी म्हटलं आणि मला हसू फुटलं. आई हसली नाही.

"काना नसेल. पण माझी बादली वेगळी केलीस ना?"

मी खोकं खाली ठेवलं.

"डाग खाणारी पावडर लागते कोणाला?" तिनं विचारलं.

"मला. एप्रनसाठी."

"जावयांच्या शर्टाला?"

"नाही."

"पोरीच्या फ्रॉकला?"

"तिलाही नाही."

"मग एप्रन काढायचेस वेगळे. मला कशाला काढलंस?"

इतकी साधी गोष्ट ना डॉक्टरीणबाईंना सुचली, ना मला. लाज वाटली आणि रडूही आलं. मी तिची बॅग उघडली, घड्या केलेले सगळे कपडे उचलले आणि एप्रन वगळून आमच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये कोंबले, पावडर फुलीवाल्या खोक्यातली. स्वच्छ होते, तरी कोंबले. पुरळ पावडरीनं आलं, भांड्यांच्या साबणानं आलं की मन खाऊन खाऊन, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात दादाचा फोन आला. न्यायला कधी येऊ, म्हणून विचारत होता. मी फोन आईच्या हातात दिला.

"आज कुठे येतोस," ती म्हणाली, "माझे सगळे कपडे ओले आहेत."