बांधावरचं लोखंड

उल्केला पडायचंच होतं तर धरणात पडावं, पण ती पडली नेमकी थोरल्या कमलेश आणि धाकट्या किरणच्या सामाईक बांधावर. काळा, ओबडधोबड, माणसाला एकट्याने उचलवणार नाही असा लोखंडाचा गोळा. पळसदरीतल्या या सख्ख्या भावांचं त्या बांधावरून आधीच वाकडं. आता गोळा कुणाच्या हद्दीत, यावरून अंगावर धावून जाणं झालं. शेवटी गावाने अक्कल चालवली: गोळ्याचे दोन कोयते करा, एकेक घ्या. भांडणाऱ्यांच्या हातात कोयते देणारे पंच नामा लोहाराने जन्मात पाहिले नव्हते.

गोळा भट्टीपाशी आला तशी पाठोपाठ भावांची आई, सोनाबाई आली.

"नामादादा, कोयतं करू नको रं. दसऱ्याला बांध रगतानं आखीन, असं थोरला बोलून गेलाय."

"मी नाय म्हटलं तर दुसरा करंल, वयनी. त्यापरीस माझ्याच हातून होऊ दे."

लोखंड मोठं द्वाड निघालं. जरा जास्त तापलं की घणाखाली भुगा, कमी तापलं की घणच उसळून अंगावर. नामाने त्याला चुचकारत, हलक्या हाताने ठोकत दोन पाती ओढली. दिसायला देखणी. पण एरवी कोयत्याच्या तोंडाला, धारेच्या कडेला, तो ट्रकच्या कमानपाट्याचं कडक पोलाद भरायचा, ते या वेळी मुद्दाम भरलं नाही. या लोखंडाला नुसतं तापवून कितीही पाणी पाजा, धार धरत नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने खोटं काम केलं, आणि त्याचाच त्याला अभिमान वाटला.

"खंडेनवमीला पुजल्याबिगर वापरायचा नाय," त्याने दोघा भावांना दरडावलं. "आभाळातलं लोखंड हाय, उलटंल." खरं काय ते फक्त सोनाबाईला सांगितलं. बाईने भट्टीपुढेच डोकं टेकलं.

दसऱ्याच्या सकाळी कमलेश कोयता घेऊन दारात उभा. हसत होता.

"काका, पोलाद भरायचं इसरलात व्हय? पूजेसाठी घासाया घेतला तवा अंगठ्याला कळलं. शिळफाट्याच्या लोहाराकडनं भरून आणला."

त्याने दारातल्या करंजाची फांदी एका घावात उतरवली आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

नामाने पडलेली फांदी उचलून पाहिली; काप गुळगुळीत होता. दोन्ही कोयत्यांना धार असती तर निदान भाऊ एकमेकांना भ्याले असते. आता धार एकाच्याच हातात होती, आणि ती त्याच्याच शहाणपणामुळे! तो अनवाणीच सोनाबाईच्या घराकडे धावत सुटला.

सोनाबाई ओट्यावर आपट्याची पानं निवडत होती. कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका निवांत त्याने पाहिला नव्हता.

"वयनी, किरण कुठं हाय?"

"बांधावर. थोरल्यानं बोलावलाय, एकदाचं मिटवू म्हणं. पोर भीत होतं, जातच नव्हतं. मीच धाडला त्याला. म्हटलं, जा रं, नामाकाकानं दोन्ही बोथट केल्यात."