टरफलांचा काटा

माझा मोठा भाऊ ड्वाइट एकदा सुट्टीला निघताना कपड्यांची बॅग घरी विसरून आला होता, पण मासे तोलायचा काटा तो कधीच विसरत नाही. या काट्यावर आजवर एकही मासा चढलेला नाही. बुफेत खेकड्याचे पाय खाऊन उरलेली टरफलं बादलीत घालायची, बादली काट्याला टांगायची आणि टॅकेट घराण्याने किती खाल्लं ते बघायचं, ही आमच्या बाबांची पद्धत. लोक सुट्टीत वजन कमी करतात की वाढवतात ते बघतात. आम्ही टरफलांचं बघतो.

वेस्ट व्हर्जिनियाहून मर्टल बीच गाडीने दहा तास. दरवर्षी जूनचा दुसरा आठवडा, खांबांवर उभं असलेलं तेच भाड्याचं घर. सोमवारी कॅप्टन एल्डनचा बुफे, बुधवारी ब्लू पेलिकनचा, दोन्हीकडे हवं तेवढं खा. मग शुक्रवारी सकाळी बाबा कॉफीचा मग घेऊन पुढच्या ओसरीवर येणार आणि यंदा कोण जिंकलं ते सांगणार. जो जिंकला तिथे संध्याकाळी पुन्हा जायचं. एकेचाळीस वर्षं हेच चाललं. बाबांच्या निकालावर कुणी ब्र काढला नाही. ते एकेक कारण असं द्यायचे की ऐकत राहावं. "यंदा पेलिकनच्या लोण्यात जीव नाही." "एल्डनची कोळंबी घाबरलेली लागते." आम्ही माना डोलवायचो.

काट्याच्या पेटीच्या झाकणावर आतून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे: पावाला हात लावायचा नाही, पाणी घोटभरच प्यायचं, आणि हशपपीवर पोट भरणारा गाढव. हशपपी म्हणजे मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे. बुफेवाले ते सगळ्यात आधी आणून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक त्यावरच आडवं होतं आणि त्यांचा खेकडा वाचतो. ड्वाइटची बायको लग्नाआधी पहिल्यांदा आमच्याबरोबर आली तेव्हा तिने सहा खाल्ले. आज तिची पोरं कॉलेजात आहेत, तरी तो विषय निघतोच.

गेल्या ऑक्टोबरात बाबा गेले. दफनाच्या दिवशीच ड्वाइट आणि धाकट्या लॉनीची काट्यावरून जुंपली. लॉनी म्हणे काटा शवपेटीत बाबांबरोबर ठेवू, ड्वाइट म्हणे मग निकाल कशाने लावायचा. पाद्री बिचारा हातात पुस्तक धरून उभा. शेवटी काटा ड्वाइटकडे आला आणि लॉनीने तेव्हापासून राग धरला.

म्हणून यंदा निघायच्या आधीच लॉनीने जाहीर केलं, "निकाल धड लागला तर ठीक. नाहीतर शनिवारी मी सही करणार नाही."

ही सही म्हणजे काय ते सांगते. घर सोडताना शनिवारी दहाच्या आत दोन्ही भावांनी घरमालकाच्या कचेरीत सही केली तर पुढच्या वर्षी तोच आठवडा आपला. नाही केली तर तो आठवडा दुसऱ्याला जातो, आणि पुन्हा हाती लागत नाही. एकट्या ड्वाइटला ते घर परवडत नाही आणि मी शाळेची बस चालवते, म्हणजे माझं नावच नको. लॉनीचं म्हणणं, तो बायकापोरं घेऊन फ्लोरिडाला जाणार.

 वर्षात आईला आम्ही सगळे एका छपराखाली मिळतो तो हा एकच आठवडा, आणि ती एकोणऐंशीची आहे. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि दोघांच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं.

सोमवारी आम्ही चार वाजता एल्डनच्या दारात. दारावरची पोरगी म्हणाली, "अकरा जणांना एकत्र टेबल हवं असेल तर पाऊण तास थांबावं लागेल." बाबा असताना आम्ही थांबायचो. भूक वाढवायची त्यांची ती युक्ती आहे असं आम्ही समजत होतो. पण ड्वाइटला आत खेकड्याचं नवं घमेलं येताना दिसलं. "दोन टेबलं दे," तो म्हणाला. एकावर तो, एकावर लॉनी. आईला ड्वाइटने आपल्याकडे ओढलं. बुधवारी पेलिकनलाही हीच कथा, फक्त आईला लॉनीने ओढलं.

दोन्हीकडे ड्वाइटने बादली टांगली. पेलिकनची वाढणारी बाई जरा वेळ बघत राहिली. "बाळा, हे काय करतोस?"

"शास्त्र आहे, बाई."

"मग शास्त्र जरा कडेला घे, तुझ्या शास्त्रातनं लोणी गळतंय."

परत येताना गाडी मी चालवत होते. बसमुळे मला पुढे कमी आणि आरशात जास्त बघायची सवय. आरशात मला आई दिसली, मांडीवर तिची रविवारची चर्चची पर्स, आणि पर्सच्या चेनमधून बाहेर आलेला खेकड्याचा एक अख्खा पाय. आईने शांतपणे तो आत ढकलला आणि चेन लावली.

गुरुवारी दुपारी मी तिला घराखाली, खांबांच्या सावलीत गाठलं. समोर चार मांजरं बसली होती आणि आई त्यांना खेकडा सोलून देत होती.

"आई, हे काय?"

"रॅनेल, हळू बोल. ही पिवळी बुजते."

"तू खाल्ला नाहीस?"

"मला मासे चालत नाहीत गं. वासानेच मळमळतं."

"कधीपासून?"

"जन्मापासून." तिने पाय मोडून कोवळा तुकडा पिवळीपुढे टाकला. "त्या पहिल्या वर्षी तुझे बाबा आपल्याला इथे घेऊन आले. इतके हरखले होते, म्हटलं आज नको सांगायला. मग दरवर्षी राहूनच गेलं. माझ्या वाटचं मी त्यांच्या ताटात सरकवायची. आता ते नाहीत, तर पर्स घ्यावी लागते."

"मग एकेचाळीस वर्षं तू तिथे खात काय होतीस?"

"हशपपी," आई म्हणाली. "छान असतात."

शुक्रवारी सकाळी सगळे ओसरीवर जमले. ड्वाइटने कागद वाचला. "एल्डन, एकोणतीस पौंड टरफल. पेलिकन, चोवीस. विषय संपला."

"संपला कसा?" लॉनी म्हणाला. "पेलिकनच्या खेकड्याची साल पातळ. टरफल कमी म्हणजे मांस जास्त. तुझा काटा उलटं बोलतो."

"बाबांच्या काट्याला उलटा म्हणतोस?"

"काट्याला नाही, तुला म्हणतोय."

मतं घेतली. ड्वाइटच्या घरची चार एल्डनला, लॉनीच्या घरची पाच पेलिकनला. मी मुद्दाम ड्वाइटकडे गेले, म्हणजे पाच-पाच होऊन गाडी आईवर येऊन थांबेल. सगळे आईकडे बघायला लागले. मला तिची दया आली आणि थोडी भीतीही वाटली, कारण ती आता हसत होती.

"मी मासे खात नाही," आई म्हणाली.

कुणाला कळेना. लॉनीचा धाकटा म्हणाला, "आजी, आज नाही का?"

"कधीच नाही. आणि तुमच्या बाबांना चव कळत नव्हती. त्र्याऐंशी साली पन्हळ साफ करताना शिडीवरून डोक्यावर पडले, तेव्हापासून वास नाही की चव नाही. मिठाच्या जागी साखर घातली तरी खायचे. मी एकदा घालून पाहिली होती."

ड्वाइट खालीच बसला. "मग कोळंबी घाबरलेली लागते म्हणायचे, ते?"

"ते आपलं त्यांना सुचायचं. शुक्रवारी सकाळी मला विचारायचे, ओपल, यंदा कोण? मी सांगायची. मग बाहेर येऊन ते तुम्हाला सांगायचे."

"तू कशावरून सांगायचीस?" लॉनीचा आवाज बारीक झाला होता. "अठ्ठ्याण्णव साली पेलिकन जिंकलं, तेव्हा मी शाळेत त्यावर निबंध लिहिला होता."

"त्या वर्षी त्यांनी आपल्याला खिडकीपाशी लांब टेबल दिलं होतं. सगळे एका ओळीत. मला तुम्ही सगळे एकदम दिसत होता." आईने कॉफीचा मग खाली ठेवला. "मी तेवढंच बघते. जिथे सगळ्यांना एका टेबलावर बसवतील ते जिंकलं. त्यासाठीच तुमचे बाबा दारात पाऊण पाऊण तास ताटकळायचे, गुडघा दुखत असला तरी. यंदा दोन्हीकडे तुम्ही दोन टेबलं मागितलीत. म्हणून यंदा कुणी जिंकलं नाही."

 ड्वाइट पेटीचं झाकण उघडून बाबांच्या अक्षराकडे बघत होता. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही दाबल्यामुळे उचकी लागली.

शेवटी लॉनी म्हणाला, "मग आज जेवायचं कुठे?"

"कोपऱ्यावर पॅनकेकचं दुकान आहे," आई म्हणाली.

दुकानातल्या बाईने सांगितलं, अकरा जणांना पन्नास मिनिटं थांबावं लागेल. आम्ही थांबलो. ड्वाइटने भिंतीला टेकून आईसाठी एक खुर्ची अडवून ठेवली, आणि कुणी मागितली तर तो सरळ नाही म्हणत होता. आत बसल्यावर आईने चार पॅनकेक, बेकन आणि अंडी एवढं सगळं संपवलं. एकेचाळीस वर्षांत आम्ही तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. ती अर्धपोटीच यायची बुफेतून, आणि आम्ही टरफलं तोलत होतो.

"काटा दे जरा," लॉनी ड्वाइटला म्हणाला. त्याने आईची रिकामी बशी पिशवीत घालून काट्याला टांगली, आकडा बघितला आणि कागदी रुमालावर लिहून घेतला. दुसऱ्या बाजूने ड्वाइट म्हणाला, "बशीचं वजन वजा कर." लॉनीने केलं.

शनिवारी पावणेदहाला आम्ही कचेरीत. ड्वाइटने सही केली. लॉनीने पेन घेतलं, सही केली, आणि खाली माणसं किती या रकान्यात सवयीने बारा लिहिलं. ड्वाइटला ते दिसलं. वर्षभर लॉनीच्या प्रत्येक शब्दात चूक काढणारा माझा भाऊ, त्याने कागद उचलला, नीट घडी घातली आणि तसाच खिडकीतून आत दिला.