शनिवारच्या पुंगळ्या

ऑरिन टेस्डालच्या दुकानावर पाटी खोगिरांची होती, पण सप्टेंबर लागला की खोगीर घेऊन येणारे कमी आणि डबे घेऊन येणारे जास्त. कॉफीचे, तंबाखूचे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आणि आत खुळखुळणाऱ्या रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्या. आल्डर फोर्कच्या त्या खोऱ्यात दुकानातली महागडी नवी काडतुसं कोण घेणार? गेल्या शिकारीच्या हंगामात उडवलेली पुंगळी जपून ठेवायची आणि ऑरिनकडून भरून घ्यायची, हीच रीत.

भरायचं यंत्र खिडकीखालच्या जाड फळीला बोल्टांनी आवळून बसवलेलं होतं. ओतीव लोखंडाचं, हातभर उंच, आणि बाजूला एक लांब दांडा. तळव्याच्या घामाने तो काळा, गुळगुळीत झालेला. उडालेली पुंगळी किंचित फुगते, तिचं तोंड काजळतं. ती यंत्रात धरून दांडा खाली ओढला की तळाची ठिणगी देणारी फुटकी टोपी टक् करून खाली पडायची आणि पितळ दबून पुन्हा मापात यायचं. मग नवी टोपी, छोट्या तराजूत तोललेली बंदुकीची दारू, तोंडाशी गोळी आणि दांड्याचा आणखी एक ओढा. झालं काडतूस. ऑरिनचा हात त्यात असा बसला होता की बोलता बोलता शंभर काडतुसं उतरत, आणि एकही फुसकं निघत नसे.

स्वतः मात्र तो अकरा वर्षांत डोंगरावर गेला नव्हता. पन्नाशीला आला असताना, निल्स ब्रेक्के या मित्राबरोबर एल्कच्या, त्या सांबरासारख्या थोराड हरणाच्या, शिकारीला गेलेला, घोडा निसरड्या कड्यावरून घसरला आणि त्याच्या डाव्या मांडीवर पडला. निल्सने त्याला कधी खेचरावर बांधून, कधी पाठीवर घेऊन दोन दिवसांत खाली आणलं. जीव वाचला, पाय बोटभर आखूड झाला आणि खुब्यात कायमचं दुखणं बसलं. खोगीर शिवणाऱ्या माणसाला खोगिरावर बसता येईना.

तेव्हापासून काडतुसं न्यायला येणाऱ्याला तो एकच बजावायचा. "परत आलास की सांगायचं. कुठे गेलास, काय दिसलं, वारा कुठला होता, सगळं." लोक येत, सांगत. बहुतेकांचं सांगणं म्हणजे दोन वाक्यांचा मामला. दिसला, मारला. ऑरिनचं पोट त्याने भरत नसे.

पोट भरायचं ते हुल्डा ब्रेक्केच्या सांगण्याने.

हुल्डा म्हणजे निल्सची विधवा. सात वर्षांपूर्वी निल्स न्यूमोनियाने गेला, आणि त्यानंतरच्या वसंतात ती त्याच्या रायफलीच्या पुंगळ्या लाकडी पेटीत घालून दुकानात आली. सत्तावीस मैलांवरून, स्वतः ट्रक हाकत. पेटी फळीवर ठेवून म्हणाली, "यांचं काय करू कळेना." ऑरिनने काही न विचारता त्या भरायला घेतल्या. ती शेगडीशेजारच्या स्टुलावर बसून राहिली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, पुंगळ्या रिकाम्या करून. मग दर महिन्याला एका शनिवारी. पुढे पुढे दर पंधरा दिवसांनी.

आणि काय सांगायची ती! पहाटे कुरणावर पडलेलं दव बुटांखाली कसं मोडलं, झऱ्याच्या वरच्या अंगाला नर एल्क कसा मान वर करून उभा राहिला, त्याच्या नाकातून वाफ कशी निघाली, आणि ऐन वेळी वारा फिरला नि तो कसा झाडीत विरून गेला. एल्क तिला क्वचितच मिळायचा. नुसतंच निसटणं. ऑरिन दांडा हातात धरून ऐकत राहायचा, ओढायचंच विसरायचा. ती गेल्यावर दुकान इतकं रिकामं वाटायचं, की तो विनाकारण शेगडीत लाकूड सारत बसायचा.

मनात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. पण ज्याने आपल्याला पाठीवर घेऊन मरणातून आणलं, त्याच्या बायकोबद्दल असलं काही जिभेवर आणायचं म्हणजे त्याला स्वतःचीच लाज वाटायची. म्हणून सात वर्षं ती त्याला 'मिसेस ब्रेक्के' होती आणि तो तिला 'टेस्डाल'.

नोव्हेंबरात, हंगाम संपता संपता, क्लीट मॅकरी आला. हुल्डाच्या कुंपणापलीकडचा गुरंवाला, तोंडाचा फटकळ.

"तुझी ती ब्रेक्केबाई रे," टोपीवरचा बर्फ झटकत तो म्हणाला, "तिला जरा समजाव. माझ्या गाई गाभडतील एक दिवस."

"का? काय केलं तिने?"

"काय केलं म्हणून काय विचारतोस? गोठ्यामागची मातीची दरड आहे ना, तिथे उभी राहून ठो ठो ठो! एकामागून एक वीस गोळ्या, आणि मग पुंगळ्या वेचून घरात. दरडीने काय घोडं मारलंय तिचं, देव जाणे."

"नेम धरत असेल. शिकारीला जाते ती."

क्लीट हसला. "कोण, हुल्डा? निल्स गेल्यापासून ती बाई माझ्या कुंपणाच्या वर डोंगराकडे गेलेली मी बघितली नाही. तिची घोडी इतकी लठ्ठ झालीय की गोठ्याच्या दारात मावत नाही. शिकार म्हणे!"

क्लीट गेल्यावर ऑरिनने तिची पेटी डोळ्यांपुढे आणली. दर खेपेला वीसच्या वीस. शिकाऱ्याची पुंगळी बर्फात हरवते, चिखलात रुतते. वीस नेलेला माणूस चौदा परत आणतो. हिच्या सात वर्षांत एकही कमी झाली नव्हती. प्रत्येकीच्या कडेला तीच राखाडी माती. पितळ बघून बंदूक ओळखणारा माणूस तो. लोक त्याला पुंगळी दाखवून विचारायला येत, माझ्या रायफलीला काय झालंय म्हणून. आणि डोळ्यांसमोरचं हे त्याला दिसलं नव्हतं.

आधी त्याला वाईट वाटलं ते डोंगराचं. दव, झरा, नाकातली वाफ, सगळं बनवलेलं! त्यावर आपण अख्खे हिवाळे काढले. मग हळूहळू दुसरी गोष्ट उमगली, आणि तो स्टुलावर बसला. ती पुंगळ्या रिकाम्या करत होती ते त्या भराव्या लागाव्यात म्हणून.

त्याने ठरवलं, या खेपेला बोलायचं. दाढी केली, धुतलेला सदरा घातला, आणि शनिवारी ती दारातून आत आली तशी सगळी जुळवाजुळव विसरला. ती पेटी ठेवून हातमोजे काढत होती. तो एकदम म्हणाला, "मिसेस ब्रेक्के, आता पुंगळ्या आणायची गरज नाही."

त्याला म्हणायचं होतं, काही न आणताच येत जा. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

तिचे हात थांबले. काढलेला मोजा तिने परत चढवला. "बरं," ती म्हणाली. "कामाचा ताण असेल. तुमचं बरोबर आहे." पेटी काखेत मारली आणि गेली. तो खुरडत दारापर्यंत पोचला तोवर ट्रक वळणाआड गेला होता.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नाताळ गेला. खिंडीतून वारा सुटला की रस्त्यावरचं सगळं पांढरं व्हायचं आणि ऑरिन मनाला सांगायचा, रस्ता बंद असेल. पण रस्ता मोकळा झाला की टपालवाला यायचा, दूधवाला यायचा, क्लीटही यायचा. एक ती सोडून सगळे. प्रत्येक ट्रकच्या आवाजाला त्याचा हात दांड्यावर थांबे. तिच्या निळ्या फोर्ड ट्रकचा आवाज तो झोपेतही ओळखला असता. पत्र लिहायला त्याने तीनदा कागद घेतला. 'मिसेस ब्रेक्के' एवढं लिहून झालं की पुढे काय लिहावं ते सुचेना. हुल्डा असं त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिलं, आणि एकटाच असून कान तापले.

मार्चमध्ये क्लीट आला आणि त्याने फळीवर एक लाकडी पेटी ठेवली.

ऑरिनने ती बघताक्षणीच ओळखली. "ही तुझ्याकडे कुठून आली?"

"निल्सची रायफल मी घेतली ना. दोन गाड्या गवताच्या बदल्यात. म्हणाली, आता काय उपयोग तिचा. वीस आहेत बघ, भरून दे."

"तिने दिली?"

"मग काय चोरली मी? असा काय बघतोयस, भूत पाहिल्यासारखा?"

ऑरिनने एप्रन काढला, कोट चढवला आणि दाराकडे निघाला.

"अरे, माझी काडतुसं!"

"शेगडीत लाकूड घाल आणि जाताना दार ओढून घे," ऑरिन म्हणाला.

सत्तावीस मैल. डाव्या पायाने ट्रकचा क्लच दाबायचा म्हणजे खुब्यात दर वेळी सुरी फिरायची, म्हणून तो गावाबाहेर कधी जात नसे. बर्फ वितळून रस्त्याचा लगदा झालेला. दोनदा चाकं रुतली, दोनदा कशीबशी निघाली. ही बाई सात वर्षं हा रस्ता यायची, पुंगळ्यांसाठी! असं म्हणून तो मोठ्याने हसला, आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं.

घरात हाक मारली तर उत्तर नाही. तो काठी टेकत गोठ्यामागे गेला. समोर मातीची दरड होती, दोन पुरुष उंचीची, आणि मधोमध मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नुसती भोकंच भोकं. वितळत्या बर्फातून शिशाचे चपटे झालेले तुकडे वर आले होते, खाली गारा पडाव्यात तसे. त्याने भरलेली, तोलून तोलून भरलेली, प्रत्येक गोळी इथे होती.

"काय हवंय?"

हुल्डा बादली घेऊन उभी होती. डोक्याला रुमाल, पायात निल्सचे रबरी बूट. आधी तिने त्याला पाहिलं, मग तो काय पाहतोय ते पाहिलं, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"क्लीट सांगत होता," ऑरिन म्हणाला, "तुम्ही त्याच्या गाई घाबरवता."

"त्या क्लीटची जीभ एक दिवस त्याच्याच गाई खातील." तिने बादली खाली आदळली. "झालं तुमचं बघून? हसा आता. एक म्हातारी मातीवर गोळ्या झाडते, आणि मग खोटंनाटं रचून सांगते. त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती, तिथेच सांगितलं असतं तरी चाललं असतं. सांगितलंतच म्हणा. आणायची गरज नाही म्हणालात."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

तो काठीशी चाळा करत राहिला. "मिसेस ब्रेक्के..."

"हुल्डा! हुल्डा नाव आहे माझं. घेतलंत तर दात पडणार आहेत का?"

"हुल्डा," तो म्हणाला.

मग त्याने विचारलं, "ते दव, तो झरा... ते कुठून आणायचीस?"

"थोडं निल्सने सांगितलेलं. बाकीचं येताना ट्रकमध्ये जुळवायचे. सत्तावीस मैल असतात, टेस्डाल, वेळ भरपूर मिळतो." तिने रुमालाने नाक पुसलं. "पहिल्या खेपेला तू पुंगळ्या भरून दिल्यास ना, काही न विचारता. घरी आले नि पेटी टेबलावर ठेवली. भरलेली पेटी. म्हटलं, आता परत जायचं निमित्त काय काढायचं? मग एक दिवस रायफल घेतली आणि इथे आले. पहिल्या गोळीला खांदा असा सुजला, आठवडाभर वेणी घालता येईना."

"म्हणून मी दारू कमी घालायला लागलो. तू खांदा चोळत बसायचीस."

"ते तुला दिसलं?"

"तेवढंच दिसलं." तो दरडीकडे वळला. "निल्सने मला खाली आणलं, हुल्डा. दोन दिवस. रात्री पाणी पाजायचा, बाळाला पाजतात तसं. मी कुठल्या तोंडाने..."

"निल्स गेला," ती शांतपणे म्हणाली. "मीही त्याचीच होते. तो होता तोवर दुसरीकडे मान वळवून पाहिलं नाही. पण तो गेल्याला सात वर्षं झाली, आणि तू माझ्यासमोर बसून तराजूत दारू तोलत होतास."

ऑरिनने दरडीवरची नजर तिच्याकडे वळवली. खुबा आता असा ठणकत होता की काठीवर रेलूनही उभं राहवेना. तिच्या ते लक्षात आलं. तिने त्याची डावी बाजू घेतली, खांदा त्याच्या काखेखाली दिला, आणि दोघं चिखलातून घराकडे निघाले.

तिने हरणाच्या मांसाचा रस्सा गरम केला, बटाट्याच्या पातळ पोळ्या भाजल्या. तो जेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, घोडीचं, छपराचं, क्लीटने रायफलीच्या बदल्यात पाठवलेल्या गवताचं. ते गवत बुरसटलेलं होतं. निघायची वेळ झाली तेव्हा त्याला क्लच दाबता येईना, म्हणून तीच त्याचा ट्रक घेऊन निघाली. नदीवरचा बर्फ फुटायला लागला होता. गावच्या वळणावर ती म्हणाली, "मी परत कशी जाणार, याचा विचार केलास का?"

"नाही," ऑरिन म्हणाला.

"मीही नाही," ती म्हणाली, आणि दुकानासमोर गाडी बंद केली.

जूनमध्ये गावच्या लहान चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं. चौदा माणसं होती, आणि सगळ्यांत मोठ्याने क्लीट रडला.